उशाशी ठेवलेला पारा

३ मार्च

आलो एकदाचे! ट्रंका, भांडीकुंडी, माझं शिवणयंत्र आणि नवरोबा, सगळं धडधाकट जिना चढलं. वरचा अख्खा मजला आपला. पूर्वेला एवढी मोठी खिडकी की सकाळी दिवा लावायला नको. निजायच्या खोलीत आधीच्या भाडेकरूंचा लाकडी पलंग आहे. खाली राहणाऱ्या मालकीणबाई म्हणाल्या की तो जागचा हलतच नाही, म्हणून ती माणसं टाकून गेली. मला काय, फुकटचा पलंग!

मग धाकटी खोली पाहिली. तिथे पाळणा हवा, हे बोलायची गरज नव्हती. लग्नाला सहा वर्षं झाली. मीच घाईघाईने म्हटलं, सध्या यंत्र ठेवू या.

६ मार्च

नवरोबाची बेकरीतली रात्रपाळी सुरू झाली. सकाळी सातला येतो, ताजा पाव घेऊन, पिठाने भुरकटलेला. पलंगाची त्याची बाजू बर्फासारखी गार असते. असणारच म्हणा, तिथे झोपतंय कोण!

माझा उद्योग इथेही चालू आहे. जाग आली की आधी थर्मामीटर जिभेखाली. उठायचं नाही, बोलायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. पाच मिनिटं मढ्यासारखं पडून राहायचं, मग आकडा आलेखावर मांडायचा. बीज सुटलं की अंग जरासं तापतं आणि पाळी येईपर्यंत तसंच राहतं. दिवस गेले तर उतरतच नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, अठरा दिवस पारा चढा राहिला तर सरळ माझ्याकडे या. गेल्या तीन महिन्यांचे आलेख पाहून त्यांनी या खेपेचे दिवसही सांगून ठेवलेत.

थर्मामीटर जुन्या धाटणीचा, काचेचा. त्यातला पारा झटकल्याशिवाय खाली येत नाही. रोज रात्री झटकायचा आणि उशाशी स्टुलावर ठेवायचा. नवरोबा म्हणतो, तुझ्या डोक्यातला पारा उतरवायला असा एखादा झटका मिळाला तर बरं होईल. मेला!

१८ मार्च

चढला! अठ्ठ्याण्णवच्या वर! नेमक्या दिवसांत नवरोबाने रजा काढली होती. मुकादमाला काय थाप मारली देव जाणे. आता जीव मुठीत धरून वाट पाहायची.

२५ मार्च

अजून चढाच आहे. कुणाला सांगणार नाही, पण आज धाकट्या खोलीतलं यंत्र ओढून बाहेर आणलं.

एक गंमत झाली. सकाळी थर्मामीटर उचलला तर पारा आधीच पहिल्या रेघेला टेकलेला, चौऱ्याण्णववर. रात्री मी झटकून पार तळाशी नेला होता, रेघांच्याही खाली, अगदी हात दुखेपर्यंत. आणि नळी ओली होती. खिडकीतून दव आलं असेल. पुसला, झटकला, घेतला. माझा आकडा व्यवस्थित आला.

२७ मार्च

आज नवरोबा लवकर आला. मी डोळे मिटून पडले होते, थर्मामीटर तोंडात. पलंग दबला. मी सरकून जागा करून दिली. त्याने पोटावर हात ठेवला तो असा गारढोण की अंगावर काटाच आला. ओरडावंसं वाटलं, पण बोलायचं नाही ना! नुसतं हं केलं. पाच मिनिटांनी डोळे उघडले तर शेजारी कुणी नाही. म्हटलं चहा टाकायला गेला असेल.

मग खालचं दार वाजलं. जिन्यावर त्याचे बूट. सात वाजले होते.

तो म्हणतो, स्वप्न पडलं असेल. असेलही. पण चादर त्याच्या बाजूला चुरगळली होती.

२९ मार्च

आजही पारा आधीच चढलेला. शहाण्णव. नळी ओली. माझा मात्र दोन रेघा उतरला.

मालकीणबाईंकडे वरची किल्ली आहे का, ते विचारून आले. त्या चिडल्या नाहीत, हेच मला आवडलं नाही. उलट त्यांनीच विचारलं, पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपतेस? मग म्हणाल्या, आधीच्या बाईलाही मूल हवं होतं. पुढे काय झालं ते सांगेनात. नुसतं म्हणाल्या की शेवटी शेवटी तिला फार थंडी वाजायची.

३१ मार्च

थर्मामीटर कपाटात कोंडला. किल्ली उशीखाली. सकाळी स्टुलावरच होता. सत्त्याण्णव.

माझा परत उतरला. पाळी आलेली नाही. दिवस राहिलेत, मला आतून कळतंय. मग उतरतो का?

दोन स्वेटर घातलेत. नवरोबा घामाघूम, आणि मी कुडकुडतेय.

२ एप्रिल

काल पलंग हलवायला गेलो. दोघं मिळून. तसूभर हलला नाही. मग मी धाकट्या खोलीत जमिनीवर अंथरूण घातलं. जाग आली ती पलंगावर. माझ्या नेहमीच्या जागी. शेजारची जागा —

उबदार होती.

नवरोबाला सगळं सांगितलं. रडले. तो म्हणाला, परवाच्या रात्रीपासून रजा घेतो, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला दिवस तोच, दोघं जाऊ. फक्त दोन दिवस कळ काढ.

३ एप्रिल

नवा थर्मामीटर आणला. हा माझा. जुना ज्याचा असेल त्याचा. स्टुलावर ठेवून दिलाय. घे बाई, पण माझ्या वाटेला जाऊ नकोस. माझ्या बाळाच्या वाटेला जाऊ नकोस.

४ एप्रिल, सकाळ

अठरावा दिवस. नवा थर्मामीटर तोंडात आहे. पडल्या पडल्या लिहितेय.

स्टूल रिकामं आहे.

काच दातांवर वाजतेय. बारीक. माझ्या नाही, माझे घट्ट मिटलेत. आवाज पाठीमागून येतोय. त्याच्या उशीवरून.

ओरडू शकते. मालकीणबाई खालीच आहेत. पण तोंड उघडलं तर आकडा बिघडेल आणि बाळाचं कळायचं नाही. अजून तीन मिनिटं. देवा, तीनच —

पोटावर हात आला. आज गार नाही. छान उबदार आहे. माझंच अंग त्याला गार लागत असणार.

दोन मिनिटं.

हात थोपटतोय. मला नाही. आत कुणाला तरी —

झाली पाच. काढला. पारा तळाशी. हललाच नाही. पहिल्या रेघेलासुद्धा —

माझ्या खांद्यावरून दुसरी नळी पुढे आली. माझ्या डोळ्यांपुढे धरलीय, मला दिसावी म्हणून. ओली. अठ्ठ्याण्णवच्या वर. हा आकडा माझा आहे. माझा आणि बाळाचा —

जिन्यावर बूट वाजले. नवरोबा आला. हाक मारतोय. मी ओ देतेय, पण तोंडातून वाफसुद्धा —

माझ्या पाठीमागून कुणीतरी ओ दिली. माझ्याच आवाजात. आणि त्याला सांगितलं की गोड बातमी