करकोचे बघायला जायचं होतं

।। श्री ।।
सेलू, ता. २० नोव्हेंबर १९४७

ती. पार्वतीअक्कास, धाकटा भाऊ दिनकर याचा शि. सा. न. वि. वि.

भाऊबीज करून सोनपेठहून परतलो खरा, पण शाळेत मन लागत नाही. तुझ्या डोळ्यांना परभणीच्या डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली. मग हा हिवाळा तरी आपला. लहानपणी वडिलांबरोबर शेतातल्या माळ्यावर बसून पाखरं ओळखायचो, तेव्हापासून गोदावरीच्या काठाकाठाने नांदेडपर्यंत जायचे तू म्हणत होतीस. आता जाऊ. बैलगाडी तुमच्या घरची, पीठमीठ माझे, मुक्काम देवळांत, सरपण वाटेतले. पंधरा दिवस. गंगाखेडच्या खाली चक्रवाक, नशीब असेल तर माळावर माळढोक, आणि वाळूत तुझे करकोचे. रजेची दरख्वास्त उद्याच देतो. दाजींच्या माघारी तू कुठे म्हणून गेली नाहीस. आता नको म्हणू नकोस.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नये.
दिनकर


सोनपेठ, मार्गशीर्ष शु. दशमी

चि. दिनकर यास अक्काचे उदंड आशीर्वाद.

तुझा कागद चारदा वाचला. मास्तर झालास तरी अक्कल आली न्हाई. पंधरा दिवस देवळात झोपणार म्हणतोस, अन् घोरतोस किती! पाखरं तर सोड, देवबी उठून जाईल. आमचे दीर लिंबाजी म्हणायलेत की वाटा धड राहिल्या न्हाईत. हत्यारबंद लोक गाड्या अडवायलेत, गावातली दोन घरं संस्थानाच्या सरहद्दीपल्याड निघून गेली. मी म्हणलं, आंधळी व्हायलेल्या बाईकून कोण काय नेणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीला वंगण घातलं. मी वाटेत खायला खारोड्या करून ठेवल्यात. उजव्यानं दिसतंय अजून, पण कडंकडंनं काळं व्हायलंय. माळढोक राहू दे. करकोचे तेवढे दाव.

माया असू दे. लवकर ये.
तुझी अक्का


सेलू, ता. ९ जानेवारी १९४८

ती. अक्कास सा. न. वि. वि.

दरख्वास्त परत आली. दिवस बरे नाहीत, ठिकाण सोडू नये, असा शेरा आहे. पुन्हा दिली, तर साहेबांनी न वाचताच बाजूला सारली. शाळेत निम्मी मुले येत नाहीत. घरच्यांनी त्यांना सोलापूरकडे धाडले आहे. म्हणून बेत लहान करतो. नांदेड सोडले. पाच दिवस, गंगाखेडपर्यंत. रोज कागदावर वाट काढतो आणि रोज थोडी पुसतो. तू धीर सोडू नकोस. मी सोडला असेल तर ते तुला कळवणार नाही.

तुझ्या मायेचा,
दिनकर


सोनपेठ, पौष वद्य तृतीया

चि. दिनकर यास आशीर्वाद.

अक्षर वच्छलाचं, माझ्या जावेचं हाय. मी सांगायले, ती लिहायली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ते हत्यारबंद लोक आले. गाडी अन् बैल दोन्ही नेले. लिंबाजी आडवे गेले, तर पाठीत बंदुकीचा दस्ता बसला. आता कुठं उठून बसतात. माझा डावा डोळा गेला. उजव्यानं अंधुक दिसतंय. आता कशाचा बेत अन् कशाची गाडी? तरी जीव ऱ्हात न्हाई. माघी पुनवेला नावेच्या घाटावर ये, तुझ्या बाजूनं. मी वच्छलाचा हात धरून इकडून येते. तिथं वाळूत करकोचे दरसाल उतरतात. नावेनं इकडं ये, एक घडी संगं बसू. बास.

जिवाला जप.
अक्का


सेलू, ता. २७ फेब्रुवारी १९४८

ती. अक्कास सा. न. वि. वि.

रजा न घेताच आलो होतो. मानवतहून पायी. पुनवेला सकाळीच घाटावर पोचलो. नाव बांधून ठेवली होती, कोणाला पार होऊ देत नव्हते. दुपार कलेपर्यंत थांबलो, तू दिसली नाहीस. तब्येत बरी आहे ना? पण अक्का, करकोचे होते! दीडशेच्या आसपास. राखी अंग, काळी मान, डोळ्यामागे पांढरे तुरे. माना वर करून उड्या मारीत नाचत होते. तुझ्या वाट्याचे मीच पाहून घेतले. पुढच्या हिवाळ्यात दोघे मिळून पाहू.

आठवण ठेवावी.
दिनकर


सोनपेठ, माघ वद्य अष्टमी

चि. दिनकर यास आशीर्वाद.

या खेपेला अक्षर लिंबाजीचं हाय. मला ताप भरला होता म्हणून लिंबाजी घाटावर गेले होते. लव्हाळ्यात दडून बसले, पुढं यायची सोय न्हवती. त्यांनी तुला बघितलं. वाळूत त्या लोकांचे तंबू होते, घोडी होती, धूर होता. पाखरू एक न्हवतं. तू धोतराचा सोगा तोंडाला लावून बसला होतास म्हणे.

मग तुझा कागद आला. वच्छलानं दोनदा वाचला, तिला लय आवडला. मी अन् लिंबाजीनं तिला खरं सांगितलं न्हाई. तू कशापायी लिहिलंस ते मला कळतंय. मी रागावले न्हाई.

पण दिनकर, उजवाबी गेला. दिवस हाय का सांज झाली, हे आता दुसऱ्यानं सांगायचं अन् मी खरं धरायचं. सगळ्यांचंच खरं धरून चालावं लागणार. पुढच्या सालचा बेत काढू नको. माया हाय तशी असू दे, अन् कागद धाडत जा. तुझं तरी खरं असू दे. न्हाई दिसले तर न्हाई दिसले, असं लिही.

तुझी अक्का