स्वप्नाच्या कार्डाचं व्याज

३ मार्च

मला समजणार नाही म्हणे!

जेवताना राजाने स्वप्नाचा फोन उचलला, कार्डाचा मेसेज वाचला आणि ताट पुढे सरकवलं. व्याज — दोन हजार सातशे बारा रुपये. एका महिन्याचं! मी विचारलं, कसलं व्याज रे? तर म्हणतो, "सोड ना आई. क्रेडिट कार्डाचं आहे, तुला नाही समजणार." सून मान खाली घालून भात कालवत बसली.

बावीस वर्षं नागपुरात खानावळ चालवली मी. चाळीस पोरांचा हिशोब डोक्यात असायचा, कोणी किती पोळ्या खाल्ल्या तोही. नवरा गेल्यावर त्याच खानावळीवर ह्या राजरत्नला शिकवलं, रेल्वेत लावलं, तिथेच नागपुरात इंदोऱ्याला दोन मजले बांधले. आणि आयुष्यात कोणाला एक रुपया व्याज दिलं नाही. आणि मला समजणार नाही!

समजूनच दाखवते.

४ मार्च

आजचं पार्सल — दोन चादरी. राजाच्या नोकरीपायी आम्ही जयपुरात, आणि इथे राहून चादरी फोनवरून मागवते ही बाई! जवळच सोडाल्याच्या बाजारात दुकानोदुकानी चादरी लटकून राहिल्या आहेत. परवाचं पार्सल — चपला. व्याज कुठून येतं हे सांगायला बँकेचा साहेब कशाला पाहिजे? तोंडावर बोलले. गप्प. शाळेत साठ पोरांना गप्प करते, घरात स्वतः गप्प. गप्प बसणाऱ्या माणसाचा मला भारी राग येतो.

५ मार्च

भाडं आलं. नऊ हजार. इंदोऱ्याच्या खालच्या मजल्याचं. राजाकडे येतं, स्वप्ना पाकिटात घालून माझ्या हातात देते. औषध माझ्या पैशाचं, रिक्षा माझ्या पैशाची, शेजारच्या पोरीच्या लग्नाचा आहेर माझ्या पैशाचा. ह्या घरात मी कोणाची मिंधी नाही. हे नऊ हजार आहेत तोवर ताठ मानेने राहीन.

भाडेकरूशी बोलणं, पावत्या, नळाचं बिल — माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून सगळं राजाच बघतो. "तू डोकं नको लावू आई." गुणी आहे पोरगा.

७ मार्च

स्वप्नाचं कार्ड टेबलावर होतं. मागचा नंबर लावला. अर्धा तास गाणं ऐकवलं, मग एक पोरगी आली. आप कार्डधारक नहीं हैं, मैम. जानकारी नहीं दे सकते, मैम. शेवटी म्हणते, "आपको कोई आपत्ति हो तो ब्रांच में बताइए." मी म्हटलं, आपत्तीच आहे बाई! दर महिन्याला सत्तावीसशेची आपत्ती! तिकडे फोन बंद.

वरच्या मजल्यावरच्या उमाकांतजींना सांगितलं तर पोट धरून हसले. सोलापूरचे आहेत, बँकेतून रिटायर होऊन इथेच राहिले. म्हणाले, "ताई, हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत!" बरं मग. हरकतसुद्धा आहे माझी.

८ मार्च

"तुझा तो बँकेचा कागद दाखव."

"नाही, आई."

"का नाही?"

"मतलब… माझा आहे तो." आणि खोलीचं दार लावून घेतलं! आठ वर्षांत पहिल्यांदा. इथेच जन्मली-वाढली, मराठी अडखळत बोलते, पण 'नाही' मात्र चोख म्हटलं. पोटात काहीतरी आहे. सोडते काय मी!

१० मार्च

उमाकांतजींनी स्वतःच्या कार्डाचा कागद समोर ठेवून शिकवलं. दोन तास. दोनदा चहा झाला, त्यांची बायको कंटाळून झोपायला गेली. लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

पूर्ण बिल वेळेवर भरलं तर व्याज शून्य. चाळीस-पन्नास दिवस बँक फुकट पैसे वापरू देते. मी म्हटलं, फुकट? बँक? ते म्हणाले, थांबा, ऐका.

बिलाच्या वर दोन आकडे असतात. एक मोठा, सगळा. एक छोटा — 'किमान एवढे भरा'. छोटा भरला की दंड लागत नाही. लोकांना वाटतं सुटलो. कुठले सुटता! राहिलेल्यावर व्याज चालूच. वर, बाकी राहिली की ते फुकटचे दिवस संपले. मग आज जिरे-मोहरी घेतली तरी आजपासूनच व्याज.

म्हणजे उंदराला खोबऱ्याचा तुकडा! उमाकांतजी म्हणाले, "बँकवाल्यांसमोर नका बोलू." तेही बँकवालेच.

आणि सगळ्यात वाईट — कार्ड मशीनमध्ये घालून रोख काढणं. त्याला फुकटचा एकही दिवस नाही. नोट हातात आली की व्याज सुरू, वर काढण्याची फी वेगळी. "असं शहाणा माणूस करत नाही ताई. अगदी गळ्याशी आल्यावर करतो."

११ मार्च

महिन्याला ३.६ टक्के. गुणिले बारा — त्रेचाळीस! त्रेचाळीस टक्के वर्षाला! आमच्या गल्लीतला सावकार महिन्याला शेकडा तीन घ्यायचा, तर लोक त्याच्या नावाने थुंकायचे. हे एसीत बसतात आणि वाढदिवसाला शुभेच्छा पाठवतात.

१४ मार्च

आज पुन्हा पार्सल. पुन्हा बोलले. जास्तच बोलले. माहेर काढलं. नव्हतं काढायचं.

स्वप्ना उठली, कपाटातून कागदांचा गठ्ठा आणला आणि माझ्या पलंगावर टाकला. "घ्या. नऊ महिन्यांचे आहेत. खूप शिकल्या ना तुम्ही, आता वाचा." डोळे भरलेले, पण मान ताठ. पहिल्यांदा मला ती आवडली, हेही लिहून ठेवते.

१५ मार्च

चष्मा लावून, पट्टी धरून एकेक ओळ वाचली. इंग्रजी मला येत नाही थोडीच, दहावी आहे मी.

चादरी साडेसहाशे. चपला चारशे. नऊ महिन्यांची सगळी पार्सलं मिळून अकरा हजारही नाहीत! मग हे पंचाहत्तर हजार बाकी कुठून?

रोख. दर महिन्याला एकदाच. नऊ हजार. तारीख चार. पुढच्या कागदावर — नऊ हजार, चार तारीख. त्याच्या पुढे — नऊ हजार, चार. त्याच्याखाली फी, त्याच्याखाली व्याज. नऊही कागदांवर.

आणि पाच तारखेला माझ्या हातात पाकीट.

सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून लावून बघितले.

१६ मार्च

राजा ड्यूटीवर गेल्यावर तिला समोर बसवलं. खरं सांग.

तुकड्यातुकड्यांत बोलली. जूनमध्ये राजा तिला म्हणाला, भाडेकरू सोडून गेला, रिकामं घर ठेवून काय करायचं, विकून टाकू. आईला आत्ता सांगू नको, ऑपरेशन आहे. "तुम्ही हॉस्पिटलमध्ये पण विचारत होत्या, आई — भाडं आलं का, भाडं आलं का. मी म्हटलं आलं. मला वाटलं, मतलब, एक-दोन महिने. नवीन कोणी येईल. मग थांबताच येईना." पगार घरखर्चात जातो, म्हणून कार्ड. राजाला माहीत आहे? नाही. आईला पैसे कुठून मिळतात, हे त्याने कधी विचारलंही नाही म्हणते.

मी ओरडले. कोणी सांगितलं होतं तुला माझ्यावर दया करायला? भिकारीण आहे मी? नऊ महिने मी ताठ मानेने तुझेच पैसे खर्चून तुलाच शिव्या घालत होते! तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दया नाही आई. तुम्ही चिडलेल्याच बऱ्या वाटता मला."

मग दोघीही रडलो. काय करणार!

१८ मार्च

खानावळीच्या पैशांतली शेवटची एफडी मोडली. बँकेतला पोरगा म्हणतो, "आंटीजी, सात परसेंट मिल रहा है, क्यों तुड़वा रही हैं?" मी म्हटलं, बेटा, इथे सात मिळवून तिथे त्रेचाळीस भरू? गणित शिकला नाही का? फॉर्म पुढे सरकवला.

स्वप्नाच्या कार्डाचं सगळं बिल भरलं. मोठा आकडा! छोट्याकडे बघितलंही नाही. काल-परवापर्यंतचं व्याज पुढच्या बिलात थोडं येईल म्हणाले उमाकांतजी. येऊ दे, तेही भरीन.

२० मार्च

राजाला एवढंच सांगितलं, भाडेकरू गेल्याचं कळलं मला. पांढरा पडला. मग म्हणाला, "बरं झालं आई, कळलं ते. विकूनच टाकू." मी म्हटलं, नाही. मी स्वतः जाते, स्वतः नवीन भाडेकरू बघते. तर सुरू झाला — उन्हाचं कशाला, तुझी तब्येत, मी जाईन ना मे महिन्यात. माझी काळजी करतो बिचारा. पण तिकीट काढलं. माझ्या घराचं मी बघीन!

२५ मार्च

गाडी रात्रभर उशिराच धावतेय. स्वप्नाने डबा दिला, तीळ घातलेल्या पुऱ्या. मीठ कमी होतं. सांगणार आहे तिला.

२६ मार्च, नागपूर

खालच्या मजल्याला कुलूप नव्हतं. बेल वाजवली तर शेषरावांनीच दार उघडलं — भाडेकरू! "या आई, किती दिवसांनी!" बायको, दोन मुलं, सगळे तिथेच. घर सोडलंच नाही त्यांनी. भाडं दर एक तारखेला राजाच्या खात्यात जातं. मोबाइलवर दाखवलं, एकही महिना चुकलेला नाही.

त्यांच्याकडे पाणी प्यायले, वर खोलीत आले आणि फोन केला. राजाला नाही. स्वप्नाला.