ज्याला जे स्वस्तात साधते

जठारपेठ, अकोला
२ डिसेंबर १९३१

चि. शेषराव यास सत्यवतीताईचे अनेक आशीर्वाद.

इकडं सारे खुशाल, एक माय सोडून. दिवाळीपासून तिनं खाट धरली. मी दिवसभर दुकानावर भाजी विकून राहिली. आपल्या मळ्यातला गडी सहदेव तिले उचलून उन्हात बसवते, पेज पाजते. माय रोज इचारते, शेषा कवा येते. कॉलेजाले सुटी लागली की तिले अमरावतीले ने. तुह्या घरी जीव जावा, एवढंच तिचं मागणं. नेणं जमत नसंल तर तोंड तरी दाखवून जाय. मोठा प्रोफेसर झाला म्हणून मायले इसरला काय रे बाबू?

सौ. लीलाले आशीर्वाद. मायेत कमी करू नको.

तुही ताई

अमरावती
९ डिसेंबर १९३१

ती. सत्यवतीताईस शेषरावचा साष्टांग नमस्कार.

रागावू नकोस, पण तुझ्या पत्रात माया फार आणि विचार कमी. मी अर्थशास्त्राच्या वर्गात हेच तर शिकवतो: माणूस स्वभावतः आपले हित पाहतो, आणि त्यातूनच सर्वांचे भले होते. तू वांगी विकतेस ती काय लोकांच्या भुकेच्या कळवळ्याने? तरी साऱ्या जठारपेठेत भाजी शिजतेच ना! सरकारने चोर धरावेत, रस्ते बांधावेत. बाजारात लुडबूड करू नये. घरातही सक्तीची माया नको. ज्याला जे काम स्वस्तात साधते, त्याने ते करावे. मी शिकवण्या बुडवून आईच्या उशाशी बसलो तर कोणाचा फायदा? पेज सहदेव माझ्यापेक्षा बरी पाजतो.

अखेरचे वाटले तर तार कर. अग्नी द्यायला येईनच.

लोभ आहेच, तो वाढावा.

शेषराव

जठारपेठ, अकोला
२ जानेवारी १९३२

चि. शेषराव यास आशीर्वाद.

माय गेली. तेरवी परवा झाली. तार मुद्दामच केली नाही.

तुहं पत्र मी तिले वाचून दाखवलं. रागात होती मी, एक अक्षर गाळलं नाही. तिनं इचारलं, म्हणजे येत नाही? मी म्हटलं, नाही येत. दुसऱ्या दिवसापासून ती सहदेवाले शेषा म्हणाले लागली. भरम झाला म्हणशील, तर तिची नजर अन् डोस्कं शेवटपर्यंत साबूत होतं. मी एकडाव टोकलं, तर म्हणे, "ज्यानं पाजलं तो माहा. तू मधात बोलू नोको."

अग्नी त्यालेच द्याले लावला. तुले तार करू नोको, अशी शपथ घातली तिनं मले.

तेरवीले वलगावची दूरच्या नात्यातली मंडळी आली होती. त्यायनं इचारलं, बाईचा पोरगा कोणता? मी सहदेवाकडं बोट केलं.

लोभ होता तेवढा मायनं संगं नेला.

सत्यवती