एका उकाराचा फरक

अनसिंग. भाद्रपदातला शनिवार, १९५४.

मैनाबाई गेली. तिचा नवरा किसन आज शाळेच्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "गुरुजी, तुमी चावडीवर त्या इलायतेतल्या इद्वानाचं सांगतलं होतं ना, रोग जंतानं होते म्हून? हिले हगवण लागली, तं मी जंताचं औषद देल्लं. तीन दिवस एरंडेल पाजलं."

हगवणीवर एरंडेल! आणि जंतानं? मी जंतू म्हणालो होतो. एका उकाराचा फरक. पाणी उकळून प्या, हेही सांगितलं होतं. की नव्हतं? त्या शास्त्रज्ञाचं चरित्र रंगवण्यात तासभर गेला, टाळ्या पडल्या. उकळायचं बहुधा राहूनच गेलं. मुलांच्या वह्यांत उकार चुकला की तांबड्या शाईची रेघ ओढणारा मी. चावडीवर एकालाही विचारलं नाही, बाबा, तुला काय कळलं?

निदान आज तरी त्याला खरं सांगायचं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तोच डोळे पुसत म्हणाला, "तुमचं खरं होतं गुरुजी. जंत लय हट्टी निंगाले."

मी "हो" म्हणालो.