डावा खांदा

प्रिय आत्या,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुला माझे ओठ दिसत नाहीत, आणि व्हिडिओ कॉल केला तर माझा चेहरा दिसेल. आज दोन्ही नको. पत्र लांबणार आहे, तेव्हा दोन पेशंटच्या मधल्या वेळात वाचायला घेऊ नकोस. नाहीतर कुणाचा तरी धडधाकट दात हातात येईल.

आधी बातमी. आमचा गेम बाजारात आला. लोक तो खेळतायत आणि आम्हाला मनसोक्त शिव्या घालतायत. सगळ्यात जास्त शिव्या राखणदाराला, म्हणजे पर्यायाने मला, कारण तो राक्षस कसा हलतो, कधी मारतो आणि दोन वारांच्या मध्ये किती थांबतो हे सगळं मी लिहिलंय. आमचे मुख्य डिझायनर, ज्यांना आम्ही गुरुजी म्हणतो (वय जेमतेम चाळीस, बोलणं सत्तरीचं), चहाच्या वेळी या शिव्या मोठ्याने वाचून दाखवतात. एकाने लिहिलंय, 'हा राक्षस बनवणाऱ्याच्या बुटात रोज सकाळी खडा सापडो.' त्याच माणसाने दोन दिवसांनी खाली लिहिलंय, 'मारला. बायकोला ऑफिसात फोन करून सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण तीही हसली.' गुरुजींनी ही दुसरी नोंद पुन्हा एकदा वाचली आणि मग कागद खाली ठेवून चहा संपवला.

तुझ्या दवाखान्याची फरशी उखडली आणि तो बंद ठेवावा लागला म्हणून तू माझ्याकडे राहायला आलीस, तेव्हा खरं सांगायचं तर मला थोडं टेन्शनच आलं होतं. मला घरात माणसांची सवय नाही, आणि तू एकटी आलीस तरी चार जण आल्यासारखं होतं. पहिल्याच रविवारी दुपारी तू कानातली यंत्रं काढून डबीत ठेवलीस, 'आज कानांनाही सुट्टी' म्हणालीस आणि सोफ्यावर येऊन बसलीस. मी राखणदाराची चाचणी घेत होते. मेले, उठले, परत मेले. तू बराच वेळ गप्प होतीस. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. मग म्हणालीस, 'टाचणे, तुला याचा पगार देतात?' मी मान हलवली. 'मरायचा?' मी परत मान हलवली. 'दे इकडे.'

त्या दिवशी तू राखणदारापर्यंत पोचलीच नाहीस. वाटेतल्या पुलावरून, समोर कुणीही नसताना, आपली आपण खाली पडलीस. कोरड्या विहिरीपाशी जागी झालीस, कारण आमच्या गेममध्ये मेलेला माणूस तिथेच जागा होतो, आणि परत चालायला लागलीस. मला वाटलं होतं तू कंट्रोलर फेकशील. बाबांनी नक्की फेकला असता आणि वर मलाच चार शब्द सुनावले असते. तू मात्र प्रत्येक वेळी स्क्रीनकडे बघून, जणू दाताचा एक्स-रे बघतेयस अशा आवाजात, निदान करायचीस. 'घाई केली.' 'हावरटपणा नडला.' 'इथे मी त्याच्याकडे बघतच नव्हते.' एकदाही म्हणाली नाहीस, 'हा फसवतो.' आत्या, माझं सगळं काम त्या एका वाक्यासाठी असतं, जे खेळणाऱ्याच्या तोंडून निघू नये.

तू तेव्हा विचारलं होतंस की यात एवढं काय आहे, आणि मी 'असंच' म्हणून उठून गेले होते. आता सांगते. राखणदार दोन फटक्यांत मारतो, पण न सांगता कधीच मारत नाही. काठी उचलणार असेल तर आधी मूठ आवळतो. झेप घेणार असेल तर आधी टाच मागे रोवतो. समोर कोण आहे, लहान की म्हातारं, हुशार की मठ्ठ, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कितीही वेळा हरलीस तरी त्याला दया येत नाही, आणि जिंकायला आलीस म्हणून तो चिडून नियमही बदलत नाही. सकाळी जिला त्याच्यासमोर उभं राहता येत नव्हतं ती संध्याकाळी त्याच्याभोवती वाऱ्यासारखी फिरते, आणि मी गेमच्या आत बघते तर त्याच्या वेगाचा, जोराचा एक आकडासुद्धा हललेला नसतो. सगळे आकडे माझेच आहेत, मला ते पाठ आहेत. जे बदललं ते माझ्या कुठल्याच फाईलमध्ये नसतं. हे मी इतक्या वेळा पाहिलंय, तरी प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो. चारचौघांत मी हे बोलत नाही.

तू राखणदारापर्यंत पोचलीस, त्याचे पहिले दोन वार शिकलीस, आणि तिसऱ्यावर अडकलीस. तिसऱ्या वाराला तो पाठ फिरवतो आणि तसाच गर्रकन वळून काठी आडवी आणतो. पाठ फिरवल्यामुळे दिसण्यासारखं काही उरत नाही. सूचना फक्त आवाजाची, एक खोल श्वास. त्याच दिवसांत ऑफिसात माझं आमच्या आवाजवाल्याशी याच श्वासावरून वाजलं होतं. श्वास डाव्या बाजूने येतो, आणि मला तो फार पुसट वाटत होता. मी बग नोंदवला. त्याने तपासून 'दोष आढळत नाही' असं लिहून बंद केला. मी परत उघडला, त्याने परत बंद केला. तिसऱ्यांदा उघडल्यावर तो खुर्ची ढकलत माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, 'बाई गं, चांगला घोड्यासारखा श्वास घेतोय तो. तुझ्यासाठी त्याला दमा लावू का?' दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर नवे कोरे हेडफोन, त्यांना लाल फीत बांधलेली. सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण भांडता भांडता मला दुसरंच काहीतरी दिसलं होतं. मला पुसट ऐकू येतो म्हणून मी एवढी तणतणत होते. तू तर खेळताना यंत्रं डबीतच ठेवायचीस, तुला तो मुळीच ऐकू येत नव्हता. तू रोज 'माझंच चुकलं' म्हणत मरत होतीस, आणि ते खोटं होतं.

मी बैठकीत विषय काढला. म्हटलं, तिसऱ्या वाराआधी त्याच्या डोक्यावर एक लाल ठिणगी दाखवू. गुरुजींनी चष्मा काढला. 'मग लोक राक्षसाकडे बघणारच नाहीत. ठिणगीकडे बघतील. सिग्नलला थांबल्यासारखं खेळतील.' मी म्हटलं, कठीण ठेवा, हवं तर आणखी कठीण करा, पण जिला ऐकू येत नाही तिला तो काही सांगतच नाहीये, याला कठीण म्हणत नाहीत, याला लबाडी म्हणतात. आमच्याकडे हा शब्द जरा जड पडतो. मग आवाजवाल्याने सुचवलं की खाली अक्षरांत 'श्वास घेतो' असं दाखवू. त्या संध्याकाळी मी घरी ते तुझ्यावर करून पाहिलं, आणि तू म्हणालीस, 'अक्षरं वाचत बसू की जीव वाचवू?' ते मी दुसऱ्या दिवशी बैठकीत जसंच्या तसं सांगितलं. निर्णय सोमवारवर गेला. गेम बाहेर पडायला फार दिवस उरले नव्हते, आणि तेवढ्यात काही झालं नसतं तर मी केलेला राखणदार तुझ्यासारख्या प्रत्येकाला न सांगता मारणारा म्हणून जगात गेला असता.

मधला रविवार तुला आठवत असेलच, पण तो माझ्या बाजूने कसा दिसला ते तुला माहीत नाही. मी आवाज मुद्दाम मोठा ठेवला होता, तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. श्वास आणि वार यांच्यातलं अंतर मला पुन्हा तपासायचं होतं. राखणदाराने पाठ फिरवली. तू कोलांटी मारलीस. आणि मग त्याचा श्वास ऐकू आला. मला वाटलं, नशीब. पुढच्या वेळी परत तेच. आधी तू हललीस, मग त्याने श्वास घेतला, मग काठी तुझ्या डोक्यावरून रिकामी गेली. जी सूचना मी लिहिली होती तिच्याही आधी तुला कळत होतं. मी उठून उभी राहिले. तुझं लक्ष नव्हतं. तुझे खांदे सैल होते, तोंड किंचित उघडं होतं, आणि तू त्याच्याकडे अशी बघत होतीस जसं मी कधी कुणाकडे बघितलेलं नाही. तो गुडघ्यावर आला, मग आडवा झाला, धूळ बसली. तू ओरडली नाहीस. कंट्रोलर मांडीवर ठेवलास, तळहात गाऊनला पुसलेस. आणि म्हणालीस, 'बिचारा.'

मी समोर येऊन विचारलं की कळलं कसं. तू माझ्याकडे असं पाहिलंस जणू मी तोंड कुठे असतं ते विचारलंय. 'अगं, खांदा. पाठ फिरवली की डावा खांदा जरासा सोडतो तो. खुर्चीतला माणूस माझा हात धरायच्या आधी अस्साच खांदा सोडतो. तोंडाने आपलं चालूच असतं, नाही दुखत, नाही दुखत.' मग चहा टाकायला गेलीस.

सोमवारी मी, मशीनने आपोआप साठवलेल्या तुझ्या खेळात, तो वार एकेका चित्रावर थांबवून पाहिला. खांदा खाली जात होता, श्वासाच्या आधी, अगदी थोडा. मी तो लिहिलेला नव्हता. आमच्या अॅनिमेशनवालीला विचारलं, तर ती गोंधळलीच. 'एवढी जड काठी फिरवायची तर आधी वजन कुठेतरी टाकायला नको? नाहीतर पुठ्ठ्याचा वाटेल तो.' तिला कुणी तसं सांगितलेलं नव्हतं, आणि ते कुणाला दिसेल अशी तिची अपेक्षाही नव्हती, कारण वरून राखणदाराच्या अंगावरची कातड्याची झूल येते आणि हालचाल तिच्यातून जेमतेम उमटते. तिने शरीर खरं काढलं होतं, एवढंच. आत्या, मी बनवलेल्या गोष्टीत माझ्याहून जास्त न्याय होता, आणि तो तुला दिसेपर्यंत आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हता. गुरुजींनी तुझ्या खेळाचं चित्रण उभ्यानेच पाहिलं. संपल्यावर फक्त म्हणाले, 'झूल कापा.' डाव्या खांद्यावरची झूल कापली. ठिणगी नाही, अक्षरं नाहीत. वार तेवढाच जोरात, तेवढाच वेगात. बाहेर लोक ज्याला शिव्या घालतायत तो राखणदार हा आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. गेम बाजारात गेल्यावर टेबल आवरताना ते लाल फितीचे हेडफोन हाताला लागले. मी ते उलटे घातले, डावी बाजू उजव्या कानावर. राखणदाराचा श्वास लख्ख ऐकू आला, घोड्यासारखा. मग सरळ घातले. पुसट. म्हणजे बग खरा होता, मी तो चुकीच्या जागी नोंदवला होता. डॉक्टरांकडे जाऊन आले. कानातलं ते छोटं हाड घट्ट होत चाललंय, तुझ्यासारखंच. घरात कुणाला आहे का म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी 'आत्या' म्हटलं. आज डावा आहे. उजवाही हळूहळू त्याच वाटेने जाईल असं त्यांना वाटतं. बाबांना अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस, ते मी सांगेन. पहिले काही दिवस मला रागच आला होता, की या कानाने मला आधी काहीच कसं सांगितलं नाही. मग लक्षात आलं, तीन वेळा सांगितलं होतं, आणि तिन्ही वेळा मी ते आवाजवाल्याच्या माथी मारलं. तेव्हापासून मी आवाज पूर्ण बंद करून खेळते. तिसऱ्या वारावर मरते. खांदा कुठल्या चित्रात हलतो ते मला पाठ आहे, तरी तो मला वेळेवर दिसत नाही. मी अजून श्वासाचीच वाट बघत असते. पुढच्या महिन्यात यंत्र बसवायला जायचंय, तेव्हा तू बरोबर हवी आहेस. त्याच्या आधीच्या रविवारी ये. तू तुझी यंत्रं डबीत ठेव, मी आवाज बंद करते, आणि तू नुसती शेजारी बस. खांदा सोडला की मला कोपराने ढोसू नकोस, 'बघ बघ' म्हणू नकोस. मला दिसेपर्यंत थांब.

तुझीच,
टाचणी