नेडची चौथी ओळ

३ नोव्हेंबर १८३४
आज मेंढवाड्यावर पोचलो. चार वर्षं रस्ता बांधणाऱ्या कैद्यांच्या टोळीत बेड्यांनिशी खडी फोडल्यावर ही झाडाच्या सालींच्या छपराची झोपडी म्हणजे राजवाडाच. समोर ओढा, आत चूल. मी भाकर भाजायची, चहा उकळायचा. फिन्टन डॉयलनं दिवसभर मेंढ्या चारायच्या. फिन्टन आयरिश, माझ्यासारखाच काळ्या पाण्याच्या शिक्षेवर जहाजानं आलेला. पहिल्याच भेटीत त्यानं विचारलं, मास्तर, राजाच्या खर्चानं इतक्या लांब लाटा मोजायला आलात होय? खोट्या सहीपायी, म्हणालो. दोघंही हसलो.

दुपारी ओढ्याकाठी माझी डॉरसेटची शाळा आठवली. खिडकीतलं धुकं, पाट्यांचा वास, पोरांचे किनरे आवाज.

वाट सरली, सांज झाली, दूर दिसे ते गाव,
नदीकाठी थांबली रे माझी इवली नाव;
वारा म्हणतो चल घराला, हाक मारते माय—

चौथ्या ओळीआधीच उठलो, पाणी भरून घेतलं. असो.

५ नोव्हेंबर
दारापुढच्या धुळीत पावलं. फाकलेली, डावा पाय फरपटलेला. फिन्टन म्हणाला, स्वतःची चाल ओळखू येत नाही का मास्तर, बेड्या निघाल्या तरी चाल थोडीच निघते. खरं आहे. पण मी बूट घालतो, आणि ही पावलं अनवाणी आहेत.

चहा पिताना तो सांगत होता, खुन्याबरोबर एका चुलीवर जेवेन, चुगलखोराबरोबर नाही. मी पेला फुंकत राहिलो. चहा केव्हाच निवला होता.

८ नोव्हेंबर
भर दुपारी ओढ्यापलीकडून तिसरी ओळ ऐकू आली. ‘माय’पाशी किंचित अडखळत. नेड तसाच अडखळायचा.

फिन्टनला वाचता येत नाही, म्हणून लिहितो. नेड टर्ले टोळीत माझ्या शेजारी झोपायचा. त्याला तीन ओळी शिकवल्या. चौथी आपण सुटू त्या दिवशी शिकवीन, असं कबूल केलं होतं. बेडीचं कडं दगडानं ठोकून लांबट केलं की टाचेवरून निघतं. त्यानं आधी माझी कडी ठोकली, मग स्वतःची. मास्तर, तुमचे पाय म्हातारे, तुम्ही पुढं व्हा, म्हणाला.

मी पुढं झालो. मुकादमाकडे गेलो. पळून जायचा बेत म्हणून नेडचं नाव सांगितलं, माझी कडी मात्र आधीच ठोकून गोल करून घेतली होती.

नेडला शंभर फटके. तिसऱ्या दिवशी तो गेला. मला ही झोपडी मिळाली.

१० नोव्हेंबर
पेल्याच्या खुंटीवर लांबट कडं. ओढ्यात फेकलं. परत आलो तर खुंटीवरच— ठिबकत होतं.

११ नोव्हेंबर
फिन्टनला आज सांगणार होतो. त्यानं विचारलं, भाकर का करपली? डुलकी लागली, म्हणालो. पुन्हा खोटं. त्यानं आपल्या भाकरीतला बरा तुकडा मला दिला. तो मी खाल्ला.

१२ नोव्हेंबर
कडं माझ्या घोट्यात आहे. मी घातलेलं नाही. आणि लांबट नाही, गोल आहे— टाचेवरून निघत नाही—

फिन्टन दूर रानात. हाक पोचत नाही.

पावलं उंबऱ्याशी. तिसरी ओळ म्हणतो आणि थांबतो. पुन्हा म्हणतो. थांबतो. वर्गात पोरं थांबायची तसा— मास्तर पुढचं सांगतील म्हणून—

सांगतो, नेड. पाठ आहे मला. कधीच विसरलो नव्हतो—

सोबत्याला सोडून मी रे, कसा टाकू—