संत्र्यांचे कार्ड

९ नोव्हेंबर

आठ महिने या वहीत एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल वहीची माफी मागते. आजचे लिखाण रोजच्या नोंदीसारखे नाही. पुढच्या आठवड्यात माझी शस्त्रक्रिया आहे. "किरकोळ आहे हो," असे डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना माझ्याऐवजी फायलीकडे बघत होते. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालते, असे वकिलांनी सांगितले. म्हणून इथेच लिहिते. नंतर पाने सोडवून देईन.

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, अविवाहित, चर्चच्या वाचनालयाची ग्रंथपाल, हे पूर्ण शुद्धीत आणि आपल्या मर्जीने लिहीत आहे. "मन शांत आहे" असेही लिहिणार होते. ते खरे नाही, म्हणून सोडून देते.

१. राहते घर आईच्या मागे आम्हा दोघी बहिणींचे आहे. माझा अर्धा हिस्सा ताईला द्यावा. मागच्या खोलीची खिडकी जोर लावून उघडू नये, थोडी उचलून ढकलावी. हे ताईला माहीत आहे, तरी लिहिले.

२. बँकेत असेल ते वाचनालयाला. त्यातून आधी छप्पर गळते तिथले काम करावे, माझ्या नावाची पाटी नंतर.

३. दृष्टांतांची पेटी, म्हणजे प्रवचनात सांगायच्या छोट्या गोष्टी आणि वचने यांची सहाशेच्या वर कार्डे, धाकट्या पाळकांना द्यावी. ही पेटी वडिलांनी सुरू केली, ते स्वतः पाळक होते. मी ती वीस वर्षे वाढवली. दर गुरुवारी कोणी ना कोणी पाळक येऊन विचारतो, "बाई, क्षमेवर काही आहे का? छोटंसं, रडवणारं." मी काढून देते. प्रत्येक कार्डाच्या मागे वडिलांच्या नियमाप्रमाणे एक शब्द असतो: पाहिलेले, ऐकलेले किंवा रचलेले.

इथे दोन कबुल्या. "एका वृद्ध साध्वीचे उद्गार" अशी सात कार्डे आहेत. अशी साध्वी कोणी नव्हती. विषय सापडेनासा झाला की मला ती सापडायची. दुसरे, मोठ्या पाळकांना पेटी देऊ नये. ते प्रत्येक गोष्ट स्वतःवरच बेतली म्हणून सांगतात. माझ्या हिशेबाने ते व्यासपीठावर तीनदा बुडता बुडता वाचले आहेत. त्यांना उत्तम पोहता येते.

४. "उशीर" या विषयाखालचे एक कार्ड पेटीतून काढून ताईला द्यावे. त्यावर असे लिहिले आहे: एक शिक्षिका कामात इतकी गुंतली की आजारी आईकडे जायला तिला सवड झाली नाही. शेवटी आली, तेव्हा आई गेलेली होती. हातातली पिशवी सुटली आणि आईसाठी आणलेली संत्री जिन्यावरून गडगडत खाली गेली.

मागे शब्द आहे: पाहिलेले.

संत्री पाहिली होती. बाकीचे असे. त्या दिवशी सकाळीच डॉक्टर म्हणाले होते, बोलवायचे त्यांना बोलवा. आई म्हणाली, "तिच्या शाळेत परीक्षा चालू आहेत, उगीच धावपळ नको तिची." मी आईचे ऐकले. खरे तर मला तेच ऐकायचे होते. शेवटचा दिवस आई माझ्या एकटीची असावी, असे वाटत होते. ताईला फोन केला दुपारी तीनला. आई साडेपाचला गेली. ताई सातला पोचली. निरोप मिळाल्यावर ती पाच मिनिटेही थांबली नव्हती.

दु:खात लिहिले, असे मी स्वतःला सांगत आले. पण दु:खात माणूस इतकी नीट वाक्ये लिहितो का? सहा वर्षांपूर्वी एका पाहुण्या पाळकाने तेच कार्ड नेले आणि नेमके ताईच्या चर्चमध्ये सांगितले. ताई पुढच्या बाकावर होती. संध्याकाळी ती माझ्या दारात आली, आत आली नाही. एवढेच म्हणाली, "संत्री तरी वगळायची होतीस गं." त्यानंतर बोलली नाही. मी दोन पत्रे लिहिली, दोन्हीत हवापाण्याचे लिहिले.

आता कार्डाच्या मागचा शब्द खोडून वरचे सगळे तिथे लिहिले आहे. जागा पुरली नाही, शेवटच्या ओळी कडेने आहेत. माझ्या मागे ताईने ते वाचावे. अजून चहा टाकताना हात ताईच्या कपाकडे जातो.

साक्षीदार म्हणून शेजारच्या शिंपीणबाई आणि चर्चची घंटा वाजवणारे काका आले. वाचायची गरज नाही म्हटले, तरी शिंपीणबाईंनी चष्मा लावून सगळे वाचले.

"हे तुझ्या ताईला कधी मिळणार?"

"मी गेल्यावर."

"आणि तिला तुला चार शिव्या द्याव्याशा वाटल्या, तर कुणाला द्यायच्या? मला?"

काका म्हणाले, "अहो, सही करा आणि चला."

"करते की. पण हिनं परत तीनलाच फोन केलाय, एवढं म्हणते."

मी पेन उचलून कलम चारवर आडवी रेघ ओढली.

कलम चार रद्द केले आहे. खोडलेल्या जागी तिघांच्याही सह्या आहेत.

सही: लिहिणारी
साक्षीदार: शेजारच्या शिंपीणबाई; घंटावाले काका (मराठीत सही)
स्थळ: मागची खोली, उघड्या खिडकीजवळ
दिनांक: वरचाच

उद्या: पहिल्या बसने ताईकडे कार्ड घेऊन जाणे.